तोहोकू २०११: टॉवर उभे होते, वीज नव्हती

जपानच्या ईशान्येला, तोहोकू भागात, ११ मार्च २०११ ला आलेल्या त्सुनामीच्या चित्रफिती बहुतेकांनी पाहिल्या असतील. काळं पाणी, त्यावर तरंगत चाललेली घरं, गाड्या, होड्या. ते पाहिलं की वाटतं, असल्या लाटेपुढे टेलिफोनचं काय टिकणार, सगळं वाहूनच गेलं असेल. प्रत्यक्षातला हिशेब वेगळा निघाला. पूर्व जपानमध्ये लँडलाइनचं जाळं चालवणाऱ्या एनटीटी ईस्ट कंपनीची ३८५ एक्स्चेंज त्या दिवसांत बंद पडली. त्यांतली १६ इमारतीसकट उद्ध्वस्त झाली आणि १२ मध्ये पाणी शिरलं. उरलेल्या साडेतीनशेहून अधिक एक्स्चेंजपैकी बहुतेक जागच्या जागी धडधाकट उभी होती. कुठे वीज गेली होती, कुठे बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल तुटली होती.

मोबाइलचीही गत तीच. सगळ्या कंपन्यांचे मिळून सुमारे २९,००० टॉवर बंद पडले. (तांत्रिक भाषेत ‘बेस स्टेशन’, इमारतीच्या गच्चीवरचं असलं तरी आपण टॉवरच म्हणतो.) एकट्या एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीचे ६,७२०. आणि हा आकडा भूकंपाच्या दिवशी कळसाला पोचलाच नव्हता. जमीन हलायची थांबली, पाणी ओसरू लागलं, तरी बंद टॉवरांची संख्या वाढतच गेली. सगळ्यात वाईट स्थिती १२ आणि १३ मार्चला होती. या प्रकरणातून काही शिकायचं असेल तर ते या मधल्या दीड-दोन दिवसांत आहे.

तीन मीटर की दहा मीटर

भूकंप दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी झाला. तीव्रता ९.०, जपानच्या नोंदींतला सर्वात मोठा. जपानच्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत, म्हणजे २:४९ ला, त्सुनामीचा इशारा दिला. इतक्या कमी वेळात इशारा देणं ही मोठीच गोष्ट. पण त्या घाईत भूकंपाची तीव्रता ७.९ धरली गेली होती. त्यामुळे मियागी प्रांतासाठी ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमासाठी ३ मीटर लाटेचा अंदाज जाहीर झाला.

किनाऱ्यावरच्या माणसाने हे ‘३ मीटर’ ऐकलं की तो काय हिशेब करणार? समोर समुद्राची भिंत त्याहून कितीतरी उंच. तारो गावची भिंत तर १० मीटरची. बरेच जण थांबले, घर आवरायला परत फिरले.

इकडे समुद्रात तरंगत पाण्याची उंची मोजणाऱ्या जीपीएस बोयांनी पाणी भलतंच चढल्याचं कळवलं आणि ३:१४ ला सुधारित इशारा निघाला: मियागी १० मीटरहून जास्त, इवाते आणि फुकुशिमा ६ मीटर. साडेतीनच्या सुमारास आणखी वाढवून सगळीकडे ‘१० मीटरहून जास्त’. इशारा अगदी बरोबर होता. पण तो पोचायचा कसा? भूकंपात वीज गेलेली, घरोघरचे टीव्ही बंद. मोबाइलवर फोन लागेना. पहिला इशारा ऐकून बाहेर पडलेल्यांपर्यंत दुसरा गेलाच नाही, आणि काही किनाऱ्यांवर लाट त्याच दहा-पंधरा मिनिटांत येऊन थडकली.

उरले नगरपालिकांचे भोंगे. जपानच्या किनारी गावांत खांबोखांबी लाउडस्पीकर असतात आणि पालिकेच्या इमारतीतून वायरलेसवर त्यांतून बोलता येतं. मिनामीसान्रिकू गावात तीन मजली आपत्ती-नियंत्रण इमारतीतून ‘उंचावर जा’ अशी हाक शेवटपर्यंत दिली जात होती. पाणी गच्चीवरून गेलं. बोलणारी तरुण कर्मचारी आणि तिचे बहुसंख्य सहकारी गेले. गच्चीवरचा अँटेनाचा खांब आणि जिन्याचे कठडे घट्ट धरून राहिलेले मोजकेच वाचले. त्या इमारतीचा लाल लोखंडी सांगाडा आजही तिथे उभा आहे.

इथे एक गोष्ट टोचते. ज्या इमारतीवर गावाच्या आपत्तीतल्या संपर्काची सगळी भिस्त, ती समुद्राच्या पाण्याच्या वाटेवर बांधली होती. पण यासाठी जपानला नावं ठेवायला मन धजत नाही. आपल्याकडे तहसील कचेरी, पोलीस ठाणं आणि टेलिफोन एक्स्चेंज नदीकाठच्या बाजारपेठेत शेजारी शेजारी असलेली किती गावं सांगू?

वीसपैकी एकोणीस फोन कंपनीनेच अडवले

भूकंपानंतर साऱ्या जपानने एकाच वेळी फोन उचलला. डोकोमोच्या जाळ्यावर फोन करण्याचे प्रयत्न नेहमीच्या ५० ते ६० पट झाले. एवढा भार कोणत्याही एक्स्चेंजला झेपत नाही, आणि एक एक्स्चेंज गुदमरलं की ते शेजारच्यालाही घेऊन बुडतं. म्हणून कंपन्यांनी आपणहून दार लावलं. लँडलाइनवर ८० ते ९० टक्के आणि मोबाइलवर कंपनीगणिक ७० ते ९५ टक्के कॉल सुरुवातीलाच अडवले. ९५ टक्के म्हणजे वीस जणांनी नंबर फिरवला तर एकाचाच पुढे जाणार. अग्निशमन, पोलीस, रुग्णालयं यांच्या ठरावीक फोनांना या अडवणुकीतून सूट होती. त्यांची वाट मोकळी राहावी यासाठीच तर हा खटाटोप.

लोकांना वाटलं नेटवर्क मेलं. ते मेलं नव्हतं, मुद्दाम आवळून धरलं होतं. हे आवळणं बरोबर होतं असं माझं मत आहे. मात्र ‘तुमचा कॉल आम्ही थांबवलाय, मेसेज पाठवा’ एवढं त्याच क्षणी ऐकवलं असतं तर निम्मे लोक पुन्हा पुन्हा नंबर फिरवत बसले नसते.

कारण मेसेजची वाट बरीचशी उघडी होती. डेटावरची बंधनं शून्य ते ३० टक्क्यांपर्यंतच होती. आवाजाच्या कॉलला दोन टोकांमधली जागा बोलणं संपेपर्यंत अडकवून ठेवावी लागते. ईमेल तुकड्यातुकड्याने, फट मिळेल तसा सरकतो. उशीर होईल, पण पोचतो. केसेननुमा शहरात याचा जो प्रत्यय आला तो जपानमध्ये अजून सांगितला जातो. तिथल्या सार्वजनिक सभागृहाच्या इमारतीत पाळणाघरातल्या मुलांसह ४४६ माणसं अडकली होती. चारी बाजूंनी पाणी, आणि खाडीत सांडलेल्या तेलाने पेट घेतलेला. त्यांच्यातल्या एका बाईंनी मोबाइलवरून घरच्यांना ईमेल केला. तो लंडनला असलेल्या मुलाच्या हाती पडला. मुलाने ती हाक ट्विटरवर टाकली. ती फिरत फिरत तोक्योचे तेव्हाचे उपराज्यपाल नाओकी इनोसे यांनी वाचली आणि तोक्यो अग्निशमन दलाची हेलिकॉप्टरं दुसऱ्या दिवशी तिथे उतरली. गावातून गावात फोन लागत नव्हता, पण लंडनमार्गे तोक्योला निरोप गेला. (समुद्रातल्या काही आंतरराष्ट्रीय केबलही तुटल्या होत्या, पण वाटा अनेक असल्याने देशाबाहेरचं इंटरनेट तगलं.)

फोनची ही गर्दी जपानने आधी पाहिलेली होती. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर असाच फोनांचा पूर लोटला, आणि त्यातून १९९८ मध्ये ‘१७१’ ही सोय निघाली. १७१ फिरवायचं, १ दाबून आपल्या घरच्या नंबरखाली ३० सेकंदांचा निरोप ठेवायचा. नातेवाइकांनी २ दाबून तो ऐकायचा. दोघांनी एकाच वेळी लाइनवर असायची गरज नाही, आणि निरोप साठवायची यंत्रं देशभर विखुरलेली, म्हणजे सगळा भार आपत्तीच्या गावावर नको. २००४ पासून मोबाइलवरही असा निरोपफलक आला. कोबेचा धडा जपान नीट गिरवून बसला होता. फक्त या वेळी परीक्षेत दुसराच धडा आला: वीज किती दिवस जाईल?

बॅटरीचं घड्याळ

ईशान्य जपानमध्ये सुमारे ४४ लाख घरांची वीज गेली. त्या क्षणापासून प्रत्येक टॉवरच्या आणि एक्स्चेंजच्या आत एक घड्याळ उलटं चालू झालं.

साध्या टॉवरखाली बॅटऱ्यांची एक पेटी असते. तासाभराची वीज गेली, वादळात फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, बंद पडली, अशा नेहमीच्या खोळंब्यासाठी ती पुरते. ती काही तासांची असते, दिवसांची नाही. मोठ्या एक्स्चेंजमध्ये बॅटरीच्या जोडीला डिझेल जनरेटर असतो. पण जनरेटर म्हणजे टाकीत आहे तेवढं डिझेल. ११ तारखेच्या संध्याकाळी टॉवर पहिल्यांदा गळू लागले, मग रात्रभर, मग १२ ला दिवसभर. आणि एक्स्चेंज बंद पडलं की त्याच्यावर टेकलेले सगळे टॉवर, स्वतःची बॅटरी शिल्लक असली तरी, मुके होतात. मोबाइलचा कॉल हवेतून जातो तो फक्त टॉवरपर्यंत. पुढचा सगळा प्रवास जमिनीवरच्या फायबरने. एनटीटी ईस्टचे असे ९० मुख्य केबलमार्ग तुटले होते. जाळं रिंगणासारखं गुंफलेलं असतं, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने वळसा घेता येतो. पण लाटेने रिंगण दोन-दोन ठिकाणी तोडलं. किनाऱ्याच्या केबल नदी ओलांडताना पुलांना बिलगून जातात. पूल गेला की केबलही गेली.

मग आठवतं डिझेल. टॉवरला लावायचे जनरेटर कंपन्यांकडे होते, वीज पुरवणाऱ्या गाड्या होत्या, माणसंही होती. पण सेंदाईच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला आग लागलेली, तोक्योजवळच्या चिबाचा कारखाना तर दहा दिवस जळत होता, आणि पेट्रोल पंपांवर रांगा. तोहोकू महामार्ग २४ मार्चपर्यंत सर्वसामान्य वाहतुकीला पूर्ण खुला झाला नव्हता. तोवर आपत्कालीन गाड्यांनाच वाट. म्हणजे दूरसंचाराचा प्रश्न आता दूरसंचाराचा राहिलाच नव्हता. तो रस्ता, टँकर आणि कोणाच्या गाडीला आधी सोडायचं या पोलिसी निर्णयाचा झाला होता. मोबाइल कंपनीचा टँकर ‘अत्यावश्यक’ या यादीत रुग्णालयाच्या टँकरच्या किती खाली, हे कुठल्याही नेटवर्कच्या नकाशावर लिहिलेलं नसतं. ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

शिवाय एका कंपनीचा टॉवर बंद आणि दुसरीचा चालू असेल तर ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवर घ्यायची सोय तेव्हा जपानमध्ये नव्हती. आणीबाणीच्या नंबरांसाठीसुद्धा नाही. मालकी वेगळी, आणि एका मोठ्या कंपनीचं तंत्रज्ञानही बाकीच्यांहून वेगळं.

नाण्याचा फोन, मार्कर पेन, तोंडी परवाना

या काळात जे चाललं त्यात जुन्या वस्तू बऱ्याच होत्या. जपानमध्ये १९८० च्या दशकात ९ लाखांहून जास्त सार्वजनिक फोन होते. मोबाइल आले तसे ते कमी होत होत अडीच लाखांच्या घरात आले. तोट्यातला धंदा, कोण चालवणार! पण या फोनला वीज एक्स्चेंजमधून, तारेवरूनच मिळते, म्हणजे घरात अंधार असला तरी एक्स्चेंज जिवंत असेल तर फोन जिवंत. आणि त्याच्या कॉलला अडवणुकीत प्राधान्य. गाड्या बंद पडल्याने तोक्योत लाखो लोक पायी घरी निघाले होते, तेव्हा याच फोनांपुढे रांगा लागल्या. कंपनीने पूर्व जपानभर या फोनवरचे कॉल फुकट करून टाकले. दानशूरपणा तर होताच, व्यवहारही होता: नाण्यांची पेटी काठोकाठ भरली की फोन बंद पडतो आणि ती रिकामी करायला त्या दिवशी कोण जाणार! मदत-छावण्यांतही पुढे असे फुकट फोन बसवले गेले.

रेडिओची गोष्ट मला त्याहून आवडते. आपत्तीत गावापुरतं एफएम केंद्र काढायचं असेल तर जपानमध्ये फोनवर बोलून तोंडी परवाना मिळतो, कागद मागाहून. या आपत्तीत अशी तीसच्या आसपास तात्पुरती केंद्रं निघाली. पाण्याचा टँकर कुठे, अंघोळीची सोय कुठे, आज कोणती बस चालू, कोणाचा शोध चाललाय, एवढंच ती सांगत. राष्ट्रीय वाहिनीवर फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुभट्टीच्या बातम्या चालू असताना छावणीतल्या माणसाला हेच ऐकायचं होतं. ऐकायला लागतो खिशात मावणारा रेडिओ आणि दोन सेल.

इशिनोमाकी शहरातल्या स्थानिक दैनिकाचा छापखाना बंद पडला, तेव्हा पत्रकारांनी कोरड्या राहिलेल्या कागदाच्या रिळातून लांब ताव फाडले, जाड मार्कर पेनांनी बातम्या लिहिल्या आणि छावण्यांच्या व दुकानांच्या भिंतींवर लावल्या. १२ ते १७ मार्च, सहा दिवस. त्या भित्तीपत्रांपैकी काही पुढे वॉशिंग्टनच्या वृत्तपत्र-संग्रहालयात गेली. दूरसंचाराच्या प्रकरण अभ्यासात भिंतीवरचा कागद कशाला, असं कोणी म्हणेल. पण रेंज नाही, वीज नाही, अशा गावात एकाच वेळी हजार माणसांना एकच खरी बातमी देणारी साधनं त्या सहा दिवसांत फारशी नव्हती.

दुरुस्ती आणि नंतर

मार्चअखेरपर्यंत वीज बऱ्याच भागात परतली आणि तिच्याबरोबर बहुतेक टॉवर आपोआप उठले, हाही बिघाडाचं मूळ कुठे होतं याचा पुरावाच. ज्यांची इमारतच गेली होती तिथे एक्स्चेंजची यंत्रं मावतील अशा मोठ्या पेट्या उंच जागी आणून ठेवल्या आणि लाइनी त्यांवर वळवल्या. काही ठिकाणी सॅटेलाइटच्या गाड्या टॉवरचं काम करत होत्या. एप्रिलअखेर, अणुभट्टीचा परिसर आणि अगदी दुर्गम जागा सोडल्या, तर जाळं जवळपास उभं होतं. मधेच ७ एप्रिलला मोठा उत्तरधक्का बसला आणि वीज पुन्हा गेली. बॅटरीचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

हवामान संस्थेने २०१३ मध्ये इशाऱ्याची पद्धत बदलली. अतिप्रचंड भूकंपात सुरुवातीला मीटरचा आकडा द्यायचाच नाही, ‘प्रचंड’ एवढाच शब्द. अपुऱ्या माहितीवरचा नेमका आकडा लोकांना थांबवतो, हे जिवाच्या मोलाने कळलं होतं.

डोकोमोने दोन कामं केली. एक: सुमारे १,९०० महत्त्वाच्या टॉवरांना जनरेटर किंवा २४ तासांची बॅटरी, सगळ्यांना नाही, पालिका-कचेऱ्यांच्या आसपासच्या. दुसरं: देशभर १०४ ‘मोठ्या पल्ल्याचे’ टॉवर. एरवी ते बंदच असतात. आजूबाजूचे टॉवर एकदम गेले की हा एकटा सात किलोमीटर त्रिज्येचा भाग कसाबसा झाकतो. वेग कमी, भार जास्त, पण फोन लागतो. २०११ च्या अखेरीपर्यंत ते बसवले. वापरायची पहिली वेळ आली ती सप्टेंबर २०१८ मध्ये, होक्काइदोच्या भूकंपानंतर साऱ्या बेटाची वीज गेली तेव्हा, कुशिरो शहरात. सात वर्षं एक यंत्र न वापरता तयार ठेवायचं. हिशेबनीस ते दर वर्षी कापायला निघत असतील, याची मला खात्री आहे.

केबल टाकणाऱ्या जहाजावरच टॉवर चढवून किनाऱ्याजवळ उभं करायची युक्तीही होक्काइदोतच पहिल्यांदा वापरली गेली. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात तर एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांनी एकाच जहाजावर आपापली यंत्रं चढवली. छावण्यांत उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या थाळ्या लावल्या. तरी नोतोतही पहिल्या दिवसापेक्षा पुढच्या दिवसांत टॉवर जास्त गेले. डोंगराळ द्वीपकल्प, रस्ते खचलेले, डिझेल वर पोचवणार कोण? तेच घड्याळ. एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचा टॉवर वापरू देण्याचा विषय जपानने जोराने हाती घेतला तो २०२२ मध्ये केडीडीआय या मोबाइल कंपनीचं जाळं तीनेक दिवस कोलमडल्यावर, भूकंपामुळे नव्हे.

या एका बाबतीत आपण त्यांच्या आधी पोचलो. अलीकडच्या चक्रीवादळांत आपला दूरसंचार विभाग ठरावीक भागापुरतं इंट्रा सर्कल रोमिंग चालू करायला सांगतो, म्हणजे ज्याचा टॉवर चालू त्यावर सगळे. पण ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या बाजूला कितीतरी दिवस रेंज नव्हती ती वीज नव्हती म्हणूनच. आणि चालू टॉवर एकही नसेल तर रोमिंग करायचं कोणावर? २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड आली आणि रस्तेही बंद, फोनही बंद अशा अवस्थेत मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

कोकणातल्या टॉवरची नियोजनवही माझ्या हातात दिली तर मी पावसाआधी तीन रकाने पाहीन: बॅटरी किती तासांची, जनरेटरच्या टाकीत आज किती लिटर, आणि पहिला रस्ता बंद झाला तर टँकर कुठून येणार. तिसरा रकाना बहुधा कोरा सापडेल. तो भरायला दूरसंचार अभियंत्याची गरज नाही. मंडल अधिकारी आणि पंपमालक यांना मे महिन्यात एका टेबलाशी बसवलं की तो भरतो.